१० विजय, २ पराभव, तरी देशाचे विजेते: अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हंगाम वाचायचा कसा?

रंकाळा_चौपाटी

मंडळी, पुतण्या कोलंबसला ओहायो स्टेट विद्यापीठात शिकायला गेलाय. त्यामुळं घरात पेठेतल्या फुटबॉलबरोबर त्या लांबुळक्या बॉलचाही विषय निघायला लागलाय. नियम जुजबी कळलेत: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याला. टचडाऊनला, म्हणजे बॉल समोरच्याच्या गोलपट्टीपार नेला की, सहा गुण, त्यावर किकचा एक. इथपर्यंत ठीक.

डोकं चालेनासं होतं ते हंगामाच्या हिशेबापाशी. ओहायो स्टेटचा २०२४ चा हंगामच घ्या. ऑक्टोबरात ओरेगनकडून ३१–३२ असे हरले. ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १०–१३, आणि त्या मिशिगनचे तोवर पाच पराभव झालेले. बिग टेन या स्वतःच्याच गटाच्या अंतिम सामन्याला हे पात्रसुद्धा ठरले नाहीत. आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोटर डेमला ३४–२३ हरवून देशाचे विजेते! आपल्याकडं कोल्हापूरची केएसए फुटबॉल लीग म्हटलं की जिंकलं तर ३, बरोबरी १, मग गोलफरक. तक्ता बघितला की विषय संपला. यांचा तक्ता आहे तरी कुठं?

दुसरी शंका. मिशिगनसमोर १० गुणांवर अडकलेला संघ तीन आठवड्यांनी टेनेसीला ४२ मारतो, नंतर ओरेगनला ४१. कोच तोच, पोरं तीच. मधे बदललं काय?

जाणकारांनी जरा खोलात सांगावं. "खुन्नसचा सामना होता, दडपण आलं" एवढ्यावर भागवू नका.

शनिवार_रात्र

तक्ता एक नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांना विचारून चालत नाहीत. घोळ तिथंच होतो.

वरच्या पातळीवर, म्हणजे एफबीएसमध्ये, १३० च्या वर संघ आणि प्रत्येकाला नियमित हंगामात सामने फक्त १२. ऑगस्टअखेरीला सुरुवात, नोव्हेंबरअखेरीला थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी शेवट. आठवड्याला एकच सामना, कारण अंगाची जी मोडतोड होते ती त्याहून लवकर भरून येत नाही. एवढ्या संघांना सगळ्यांशी खेळवणं शक्यच नाही.

पहिला तक्ता गटाचा, म्हणजे कॉन्फरन्सचा. बिग टेनमध्ये आता १८ संघ आहेत (नावावर जाऊ नका), आणि प्रत्येकाचे ९ सामने गटातले. उरलेले ३ गटाबाहेरचे, ते गटाच्या तक्त्यात धरतच नाहीत. त्या हंगामात ओहायो स्टेटनं ॲक्रनला ५२–६, वेस्टर्न मिशिगनला ५६–० आणि मार्शलला ४९–१४ हरवलं, ते हे तीन. असे संघ मोठी विद्यापीठं बहुतेक वेळा मानधन देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. पाहुण्यांना पैसा मिळतो, यजमानांना दुसऱ्या फळीतली पोरं खेळवून बघता येतात.

आता २०२४ ची गटातली स्थिती बघा. ओरेगन ९–०, पेन स्टेट ८–१, इंडियाना ८–१, ओहायो स्टेट ७–२. अंतिम सामना वरच्या दोघांचा: ओरेगन आणि पेन स्टेट. आता गंमत अशी की ओहायो स्टेटनं पेन स्टेटला त्यांच्या मैदानावर २०–१३ आणि इंडियानाला ३८–१५ हरवलं होतं. मग हे खाली का? कारण १८ संघांत ९ सामने म्हणजे निम्म्या संघांशी गाठच पडत नाही. ओरेगन, पेन स्टेट आणि इंडियाना हे तिघं नियमित हंगामात एकमेकांशी खेळलेच नाहीत. तिघांशीही खेळलेला यांतला एकच संघ, ओहायो स्टेट. तक्त्यात फक्त जिंकलं-हरलं दिसतं, कुणाला कोण वाट्याला आलं ते दिसत नाही.

ते बघायला दुसरा तक्ता: प्लेऑफसाठी, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांसाठी, संघ निवडणाऱ्या समितीची क्रमवारी. ती नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून दर मंगळवारी जाहीर होते (२०२४ ला पहिली ५ नोव्हेंबरला आली). कुणाला हरवलं, कुठं हरवलं, समोरच्यांचे सामने किती कठीण होते, आमनेसामने काय झालं, हे सगळं समिती बघते. ऑगस्टपासून दिसणारी एपी या वृत्तसंस्थेची यादी पत्रकारांच्या मतांची, आणि कोचेसची आणखी वेगळी. गप्पांना त्या बऱ्या, पण प्लेऑफच्या निवडीशी दोन्हींचा संबंध शून्य. नवखे हमखास इथं फसतात.

प्लेऑफमध्ये २०२४ पासून १२ संघ. त्या हंगामात क्रमवारीत सर्वांत वर असलेले ५ गटविजेते थेट आत, बाकीच्या ७ जागा क्रमवारीनुसार. ओहायो स्टेट सहाव्या क्रमांकावर होता, म्हणजे दोन पराभवांनंतरही आत यायची काळजी नव्हती. पण मानांकन मिळालं आठवं, कारण त्या वर्षी पहिली चार मानांकनं फक्त गटविजेत्यांना द्यायची असा नियम होता. त्यामुळं क्रमवारीत नववी बॉईझी स्टेट तिसरी झाली आणि बारावी ॲरिझोना स्टेट चौथी. याचा सगळ्यांत मोठा फटका ओरेगनला. १३–० अशी पहिल्या क्रमांकाची टीम आणि उपांत्यपूर्व फेरीतच समोर ओहायो स्टेट! २०२५ पासून तो नियम काढला, आता मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणं.

मंगळवार_पेठ

म्हणजे नियमित हंगामात दोनदा हरलं तरी चालतंय? मग तीन महिने जीव तोडून खेळायचं कशाला, असा प्रश्न पडतो राव.

शनिवार_रात्र

पूर्वी नव्हतं चालत. २०१४ ते २०२३ प्लेऑफला फक्त चार संघ असायचे आणि त्या दहा वर्षांत दोन पराभववाला एकही संघ आत गेला नाही. त्या नियमात हाच ओहायो स्टेट डिसेंबरात घरी बसला असता.

आता किंमत वेगळ्या ठिकाणी मोजावी लागते. ५ ते ८ मानांकनाच्या संघांना पहिली फेरी आपल्या मैदानावर मिळते. डिसेंबरातली ओहायोची थंडी आणि लाखभर घरचे प्रेक्षक. त्या वर्षी पहिल्या फेरीचे चारही सामने यजमानांनी जिंकले आणि एकही अटीतटीचा झाला नाही. पहिल्या चौघांना पहिली फेरी माफ. ऐकायला छान वाटतं, पण ते चौघंही पुढच्या सामन्यात गारद झाले. ओरेगन ७ डिसेंबरनंतर थेट १ जानेवारीला उतरला, मधे २५ दिवस सामना नाही. ओहायो स्टेट ११ दिवसांपूर्वीच टेनेसीशी खेळून आलेला. विश्रांतीमुळंच हरले असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण त्यातल्या दोघांची मानांकनं मुळात फुगलेलीच होती. पण एवढा खंड पडला की डावांचं टायमिंग बिघडतं, हे कुठलाही कोच सांगेल.

लाल_माती

चौपाटी काका, तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर. बॉल हातात असलेल्याकडं बघू नका, त्याच्या पुढच्या पाच जणांकडं बघा.

डावीकडून: लेफ्ट टॅकल, लेफ्ट गार्ड, सेंटर, राइट गार्ड, राइट टॅकल. प्रत्येक जण १३५ ते १५० किलोचा. सेंटर पायांमधून बॉल मागं देतो, तेवढा सोडला तर यांचा बॉलशी संबंध नाही. यांचं काम समोरच्याला हलवणं, नाहीतर अडवून धरणं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, उजव्या हाताचा असेल तर फेकायला वळल्यावर त्याची पाठ डावीकडं येते, म्हणून डावा टॅकल सगळ्यांत जोखमीचा. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला हे लगेच कळेल: भिडल्यावर ज्याची कंबर खाली आणि हात आतून, तो ढकलणार. जो आधी सरळ उभा राहिला तो मागं गेलाच. फरक इतकाच की इथं पाच कुस्त्या एकाच वेळी चालतात आणि एक सुटली की पाचही वाया.

आता त्या हंगामाचा क्रम लावा.

१२ ऑक्टोबर, ओरेगनचं मैदान. डावा टॅकल जॉश सिमन्स गुडघा दुखावून हंगामाबाहेर. पुढचा सामना नेब्रास्काशी, त्याच्या जागी राखीव टॅकल झेन मिखाल्स्की. बाहेरून क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्या रशरला तो पुरा पडेना, सामना कसाबसा २१–१७ सुटला आणि तोही जखमी. मग पेन स्टेटविरुद्ध लेफ्ट गार्ड डॉनोव्हन जॅक्सनला उचलून डाव्या टॅकलला नेलं आणि गार्डला कार्सन हिंझमनला आणलं. हे ऐकायला सोपं वाटतं. गार्डच्या दोन्ही बाजूंना माणूस असतो, टॅकलच्या बाहेर मोकळं रान. गार्ड पुढं भिडतो, टॅकलला तिरकं मागं सरकत समोरच्याला लांबचा वळसा घ्यायला लावावा लागतो. पायांची चालच वेगळी. जॅक्सननं ते निभावलं, त्या हंगामातली ही सगळ्यांत महत्त्वाची अदलाबदल म्हणायला हरकत नाही.

तोवर नोव्हेंबरात सरावातच सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची घोट्यामागची शीर, अकिलीस, तुटली. हिंझमन गार्डवरून सेंटरला, गार्डला आणखी नवे. म्हणजे मिशिगनच्या सामन्याला डावीकडच्या तीन जागांपैकी एकाही जागेवर सप्टेंबरातला माणूस नव्हता.

आणि मिशिगनची ताकद नेमकी मधोमध: मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट. दोघंही पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, पहिल्याच फेरीत गेले, ग्रॅहम तर पाचवा. अशा दोघांच्या छाताडावर ओहायो स्टेट पहिल्या प्रयत्नाला धावत राहिला. सामना गेला तो या हट्टात. पहिल्या प्रयत्नात किमान ४ यार्ड मिळाले तर गणित जमतं: दुसऱ्याला ६ उरतात, धावा किंवा फेका, बचावाला अंदाज येत नाही. पहिल्यात एक-दोनच मिळाले की दुसऱ्याला ८-९, तिसऱ्याला ७-८. मग फेकणारच हे स्टेडियममधल्या चणेवाल्यालाही कळतं. बचाव मागं सरून बसतो, क्वार्टरबॅक घाई करतो. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक विल हॉवर्डचे दोन पास मिशिगननं झेलले, त्यातला एक त्याच्याच गोलपट्टीजवळ.

तीन आठवड्यांनी लाइन तीच होती. बदलला तो डावांचा क्रम. टेनेसीविरुद्ध सुरुवातीपासून फेक, लवकर सुटणारी, मैदानाच्या रुंदीवर पसरवलेली. जेरेमाया स्मिथ आणि एमेका एगबुका हे पास झेलणारे दोन्ही कडांना ओढून धरायला लागले की बचावाला मधली माणसं कमी करावी लागतात, आणि मग ट्रेव्हियन हेंडरसन व क्विनशॉन जडकिन्सला पळायला वाट सापडते. पहिल्या क्वार्टरअखेर २१–०. उपांत्यपूर्व फेरीत, रोझ बोलला, ओरेगनविरुद्ध पहिल्याच चढाईत (चढाई म्हणजे बॉल हातात आल्यापासून जाईपर्यंतचे सगळे डाव) स्मिथचा ४५ यार्डांचा टचडाऊन, आणि मध्यंतराआधीच ३४–०.

उपांत्य फेरीत टेक्ससनं यातून धडा घेतला. स्मिथवर सतत दोन माणसं ठेवली, त्याला पूर्ण सामन्यात एकच झेल, ३ यार्डांचा. पण दोन माणसं तिकडं गेली की दुसरीकडं जागा पडणारच. मध्यंतराला अर्धा मिनिट उरलेला असताना हेंडरसनला छोटा स्क्रीन पास आणि तो ७५ यार्ड पळाला. स्क्रीन म्हणजे लाइननं मुद्दाम रशरना आत सोडायचं, त्यांच्या डोक्यावरून जवळच पास टाकायचा आणि लाइनमननी पुढं पळत जाऊन वाट काढायची. अंगावर धावून येणाऱ्या बचावाला याच्याएवढं औषध नाही.

फुल्ल_टाइम

लाल माती, जबराट लिहिलंय भावा. पण मिशिगनविरुद्धच्या पराभवाचं सगळं बिल लाइनवर फाडू नका. फरक तीन गुणांचा आणि त्यात किकर जेडन फील्डिंगचे दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारायच्या तीन गुणांच्या किक, हुकले, दोन्ही ४० यार्डांच्या आतले.

फील्ड गोलचं अंतर कसं मोजतात ते काकांसाठी: बॉल गोलपट्टीपासून जितक्या यार्डांवर आहे त्यात १७ मिळवायचे. १० यार्ड गोलपट्टीमागच्या एंड झोनचे, कारण खांब मैदानाच्या अगदी शेवटी असतात, आणि ७ यार्ड बॉल मागं धरून ठेवतात त्याचे. म्हणजे २० यार्डावर अडलात तर किक ३७ यार्डांची. कॉलेजमध्ये ४० च्या आतली आत जायलाच हवी अशी अपेक्षा, ५० च्या पुढं नशीब.

आणि घड्याळ. ४ क्वार्टर, प्रत्येकी १५ मिनिटं, पण सामना साडेतीन तास चालतो. पास जमिनीवर पडला की घड्याळ थांबतं, धावणारा मैदानातच पडला तर चालू राहतं. एका डावानंतर पुढचा डाव सुरू करायला ४० सेकंद मिळतात. म्हणून आघाडीवरचा संघ शेवटी पळतच राहतो. पेन स्टेटविरुद्ध ओहायो स्टेटनं शेवटची पाच मिनिटं नुसते धावायचे डाव टाकून संपवली, पेन स्टेटला बॉल परत दिसलाच नाही. लाइन मोडकी असूनही ते जमलं हे लाल मातीनं सांगायला हवं होतं.

घड्याळाची दुसरी बाजू ऑक्टोबरात ओरेगनला. १० सेकंद उरलेत, ओहायो स्टेटला फील्ड गोलच्या टप्प्यात यायला थोडेच यार्ड हवेत. ओरेगननं बचावात ११ ऐवजी १२ माणसं उभी केली. पास फसला, पंचांनी ५ यार्डांची शिक्षा दिली, पण गेलेले ४ सेकंद परत मिळाले नाहीत. उरले ६. पुढच्या डावात हॉवर्ड स्वतः पळाला, घसरून बसेपर्यंत वेळ संपली. ओरेगनच्या कोचनं नंतर हे ठरवून केल्याचं सूचित केलं, आणि आठवड्याभरात नियमाचा अर्थ बदलला: शेवटच्या दोन मिनिटांत असं झालं तर आक्रमण करणाऱ्याला घड्याळ मागं घेण्याचा पर्याय. पळवाट सापडली आणि त्याच आठवड्यात बुजवली, पण निकाल तसाच राहिला.

टेक्ससच्या सामन्यातला शेवटही याच जातीचा. २१–१४, तीन-साडेतीन मिनिटं बाकी, टेक्सस १ यार्डावर, चार प्रयत्न हातात. पहिला मधून, काही मिळालं नाही. दुसऱ्याला बॉल बाहेरच्या बाजूला टॉस केला आणि ७ यार्ड मागं गेले. एका यार्डासाठी बॉल पाच-सहा यार्ड मागं फेकायचा म्हणजे बचावाला पोचायला वेळ देणं. तिसरा पास पडला. चौथ्याला ८ यार्डांवरून क्वार्टरबॅकच्या हातातून ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरनं बॉल सोडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळून टचडाऊन. २८–१४. बरोबरीच्या दारातला संघ दहा-बारा सेकंदांत १४ नं मागं.

रंकाळा_चौपाटी

भारीच. आता व्यवहाराचं सांगा. पुढच्या हंगामात इथं बसून बघायचं तर वेळेचं कसं? पुतण्या "नून किकऑफ" म्हणतो, दर वेळी बोटं मोजावी लागतात. आणि सामना सुरू व्हायच्या आधी काय बघून ठेवायचं?

शनिवार_रात्र

वेळ दोनदा पाठ करायची, कारण अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागं जातं. कोलंबस पूर्वेकडच्या वेळेवर आहे.

ऑगस्टअखेर ते नोव्हेंबरचा तो रविवार: तिथं दुपारी १२ म्हणजे आपल्याकडं शनिवारी रात्री ९.३०. तिथं ३.३० म्हणजे आपली रात्री १. तिथं संध्याकाळी ७.३० म्हणजे आपली रविवारी पहाटे ५.

त्या रविवारनंतर सगळ्यात एक तास मिळवा: १०.३०, २ आणि सकाळी ६.

ओहायो स्टेट–मिशिगन परंपरेनं तिथल्या दुपारी १२ ला असतो, म्हणजे आपल्याकडं शनिवारी रात्री १०.३० ते साधारण २. जेवून-खाऊन आरामात बसता येतं. प्लेऑफचे बहुतेक मोठे सामने मात्र तिथल्या रात्रीचे. २०२५ ची अंतिम लढत आपल्याकडं मंगळवारी सकाळी ६ ला सुरू झाली होती. ऑफिसवाल्यांनी आधीच रजा टाकावी. वेळापत्रकात आणखी एक गोम: बऱ्याच सामन्यांची वेळ चॅनेलवाले ६ किंवा १२ दिवस आधीच ठरवतात. ऑगस्टमध्ये वहीत लिहून ठेवलेल्या वेळेवर विसंबू नका.

सामन्याआधी: बिग टेनचे संघ किकऑफच्या दोन तास आधी कोण खेळणार नाही याची यादी जाहीर करतात. १०.३० च्या सामन्याला ती ८.३० ला. ती उघडून पहिल्यांदा पाच लाइनमनची नावं शोधा, क्वार्टरबॅकची बातमी तशीही सगळीकडं येते. दोन नावं त्या यादीत असतील आणि समोरचा संघ मधून भक्कम असेल तर गुणफलक कमी राहणार असं धरून चाला. मग पहिल्या तीन-चार चढायांत पहिल्या प्रयत्नाला किती यार्ड मिळतात ते कागदावर मांडा. दहापैकी सहा वेळा ४ किंवा जास्त, तर यंत्रणा चालतेय. तीन-चारच वेळा, तर कितीही मोठं नाव असू दे, तिसऱ्या क्वार्टरला दमछाक दिसणार.

गुणफलकाचा फरकही टप्प्यांत वाचा. ३, ७ आणि ८ हे उंबरठे. ८ पर्यंतचा फरक म्हणजे एकाच चढाईचा सामना, कारण टचडाऊनचे ६ आणि किकऐवजी पुन्हा गोलपट्टी ओलांडली तर २. ९ झाले की दोन चढाया लागतात. नोटर डेमनं अंतिम सामन्यात ७–३१ वरून २३–३१ पर्यंत आणलं ते असं ८-८ करतच. म्हणून त्यानंतर तिसऱ्या प्रयत्नाला ११ यार्ड हवे असताना हॉवर्डनं स्मिथला टाकलेला ५६ यार्डांचा पास एवढा महत्त्वाचा. तो पडला असता तर बॉल नोटर डेमकडं आणि एका चढाईत बरोबरीची संधी. त्याऐवजी घड्याळ खाऊन २६ सेकंद उरलेले असताना ३३ यार्डांची किक आत, ११ चा फरक, सामना संपला. किकर तोच फील्डिंग.

लाल_माती

पेन स्टेटचं मान्य, फुल्ल टाइम. पण ते धावणं जॅक्सन आणि मॅक्लॉफ्लिन दोघंही मैदानात असतानाचं. मॅक्लॉफ्लिन त्यानंतर गेला.

आणि काका, "पोरं तीच" हे एका हंगामापुरतं खरं, त्यापुढं नाही. हॉवर्ड त्याच वर्षी कॅन्सस स्टेटमधून आला होता, जडकिन्स ओल मिसमधून, केलेब डाउन्स आणि मॅक्लॉफ्लिन अलाबामातून. आता खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकून विद्यापीठ बदलतात, आणि जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेऊ शकतात. त्या हंगामाच्या संघावर सुमारे २ कोटी डॉलर गेल्याचं ओहायो स्टेटच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. आपल्याकडं परदेशी खेळाडू आणले की पेठेत चर्चा होते, तिथं अर्धी फळी बाहेरची असते आणि कुणाला काही वाटत नाही.

मुलाला पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतं. एखाद्या वर्षी चार किंवा कमी सामने खेळला तर ते वर्ष रेडशर्ट म्हणून वाचतं, हंगाम खर्ची पडत नाही. म्हणून ऑक्टोबरात एखादा चांगला नवखा अचानक बाहेर दिसला तर तो जखमीच असेल असं नाही, त्याचा चौथा सामना झालेला असू शकतो. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये या एका संघातले १४ खेळाडू एनएफएलला गेले. म्हणजे पुढच्या हंगामासाठी नावं पाठ केलीत तर निम्मी वाया. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात डेप्थ चार्ट (कुठल्या जागेवर कोण आणि त्याचा राखीव कोण, ती यादी) निघेल तो घ्या, त्यातून फक्त लाइनचे पाच आणि त्यांचे पाच राखीव लिहून ठेवा.

मंगळवार_पेठ

राखीव पण लिहायचे?

लाल_माती

राखीव आधी लिहायचे. आणि प्रत्येकापुढं तो गार्डला चालतो, टॅकलला चालतो की दोन्हीकडं, ते. दोन्हीकडं चालणारा एक जरी नसेल तर नोव्हेंबरात अवघड आहे.